वृषणाचा आकार, शुक्राणूंचा काउंट आणि मधले दोन मिलिमीटर

शनिवारी सकाळी साडेसातला ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या लॅबचं शटर वर जातं, तेव्हा पायरीवर दोन-तीन जोडपी उभी असतातच. नवऱ्याच्या हातात बहुतेक वेळा सोनोग्राफीची फाइल असते आणि तिच्यातल्या एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली असते: दोन्ही वृषणं आकाराने लहान. रात्रभर मोबाइलवर शोधाशोध झालेली असते. पहिला प्रश्न ठरलेला, “साहेब, साइज लहान म्हणजे मूल होणारच नाही का?”

या प्रश्नाला आम्ही लगेच उत्तर देत नाही. तो आकडा कसा काढला हे आधी बघावं लागतं आणि त्याच्या शेजारी वीर्याचा रिपोर्ट ठेवावा लागतो. दोन्ही गोष्टी एका सकाळीच उरकतात. त्या कशा होतात आणि कुठे फसतात, ते इथे त्याच क्रमाने लिहितो आहोत.

घड्याळ सुरू होतं ते नमुन्यापासून. काउंटरवरची ताई नाव लिहिण्याआधी विचारते, “दादा, शेवटचं कधी झालं होतं? किती दिवस झाले?” शेवटच्या वीर्यपातापासून दोन ते सात दिवसांचं अंतर हवं. एकाच दिवसाचं असेल तर काउंट उगाच कमी दिसतो. दहा-बारा दिवस थांबून आलेला माणूस मात्र खूश असतो, कारण आकडा भरघोस येतो. पण त्यात जुने, मेलेले शुक्राणू बरेच असतात आणि हालचालीची टक्केवारी पडते. दुसऱ्यांदा तपासायचं झालं तर अंतर पहिल्याइतकंच ठेवायचं. पहिल्या वेळी तीन दिवस आणि दुसऱ्या वेळी सात दिवस ठेवले आणि ‘औषधाने काउंट वाढला’ म्हणून पेढे वाटले, असंही होतं.

डबी रुंद तोंडाची, निर्जंतुक. रिकाम्या डबीचं वजन आधीच करून लेबलवर लिहून ठेवतो. का, ते पुढे येईल. साबण, थुंकी, तेल, क्रीम काही लावायचं नाही. यातली कुठलीही गोष्ट शुक्राणूंची हालचाल मारते. बाजारातला साधा कंडोमही चालत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुना पूर्ण हवा. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात, मागाहून येतो तो बहुतांश शुक्राशयाचा द्रव. पहिला भाग बाहेर सांडला आणि लाजेने सांगितलं नाही, तर काउंट निम्म्यावर येऊ शकतो आणि त्या कागदावर वर्षभर उपचार चालतात. सांडलं तर सांगा, पुन्हा द्या. लॅबमध्ये याचं कोणाला काही वाटत नाही.

घरून आणायचं असेल तर तासाच्या आत, शक्यतो अर्ध्या तासात पोचलं पाहिजे. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. बाइकच्या डिकीत नाही, गाडीच्या एसीसमोर तर अजिबात नाही. कासारवडवलीच्या माणसाने सकाळी घोडबंदर रोडवरून नमुना आणायचा धोका पत्करूच नये, मानपाड्याच्या सिग्नललाच वेळ जातो. त्यापेक्षा ऐरोलीचा माणूस ट्रान्स हार्बर लोकलने आधी पोचतो. आमचा आग्रह असा, की लॅबच्या खोलीतच द्या.

डबी आली की तिच्यावर वेळ पडते आणि ती ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जाते. वीर्य सुरुवातीला गाठाळ असतं. पंधरा ते तीस मिनिटांत, कधी तासाभरात ते पातळ होतं. त्याआधी मोजलं तर एका थेंबात गर्दी आणि दुसऱ्यात काहीच नाही, असा प्रकार होतो. हा जो अर्धा तास मिळतो त्यात शेजारच्या खोलीत वृषणाची तपासणी उरकते.

त्या खोलीचा एसी दहा मिनिटं आधी बंद करतो. पेशंट घामाघूम होतो, तक्रार करतो, पण इलाज नाही. थंडीत अंडकोषाची कातडी आवळते, वृषण वर ओढलं जातं, आणि मग हातात नक्की काय आलंय हेच कळत नाही. तपासणी आधी उभं राहून, मग आडवं पडून. उभं राहिल्याशिवाय व्हेरिकोसिल, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, हाताला लागत नाहीत.

मोजायला आमच्याकडे मण्यांची माळ असते. ऑर्किडोमीटर. स्वित्झर्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये मांडलेलं हे साधन अजून तसंच आहे. लंबगोल बारा मणी, १ ते ६ मिलिलिटरपर्यंत एकेकाने चढणारे आणि पुढे ८, १०, १२, १५, २०, २५. चार मिलीचा मणी मुलगा वयात येऊ लागल्याची खूण. प्रौढ पुरुषात साधारण १५ ते २५. डाव्या हाताने अंडकोषाची कातडी वृषणावर ताणून धरायची, मागच्या बाजूला चिकटलेली एपिडिडिमिस, म्हणजे शुक्राणू जिथे साठतात आणि पिकतात ती गुंडाळी, बाजूला सारायची, आणि उजव्या हातात मणी फिरवत जुळवायचं. नवखा माणूस एपिडिडिमिससकट मोजतो आणि दोन-तीन मिली जास्त लिहितो. कातडीची जाडीही त्यात धरली जाते, म्हणून माळेचा आकडा सोनोग्राफीच्या आकड्यापेक्षा बहुधा मोठाच असतो. मोठ्या मण्यांमधलं अंतरही मोठं. १५ आणि २० च्या मधलं वृषण असेल तर आम्ही तसंच लिहितो, ‘१५ ते २०’. नीटनेटका १७ लिहिण्यात अर्थ नाही.

आकारासोबत हाताला काय लागतं हे तितकंच महत्त्वाचं. निरोगी वृषण घट्ट पण दाबलं की किंचित लवचीक लागतं. मऊ, पिळपिळीत लागलं तर आतल्या नळ्या रोडावलेल्या असण्याची शक्यता. अगदी लहान, चार-पाच मिलीचं आणि कडक लागलं तर मनात पहिलं नाव क्लाइनफेल्टरचं येतं: एक्स गुणसूत्र एक जास्त, साधारण सहाशे पुरुषांत एकाला. अशा माणसाची दाढी, आवाज, संबंध सगळं ठीकठाक असू शकतं, म्हणून लग्नानंतरच्या तपासणीपर्यंत कोणाला पत्ता नसतो. आणि गाठ लागली, दुखत नसली तरी, तर काउंट बाजूला ठेवून आधी गाठीकडे बघायचं.

वृषणापासून वर जाणारी शुक्रवाहिनीही बोटात धरून बघतो. ताठ बारीक दोरीसारखी, इतर कशातही न मिसळणारी, ती दोन्ही बाजूंना लागलीच पाहिजे. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते न केल्यामुळे जन्मतःच शुक्रवाहिनी नसलेल्या माणसाला महिनोन्महिने काउंट वाढवायच्या गोळ्या खाताना आम्ही पाहिलं आहे.

आता ती रेघ मारलेली ओळ. सोनोग्राफीत लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि एका स्थिरांकाने गुणतात. गोम या स्थिरांकात आहे. बऱ्याच मशीनमध्ये ०.५२ भरलेला असतो, तो कुठल्याही लंबगोलासाठीचा सर्वसाधारण आकडा. वृषणाला जास्त जुळतो तो ०.७१. समजा मापं ४.२, २.८ आणि २.२ आहेत. गुणाकार २५.९. ०.५२ ने गुणलं तर १३.५ मिली, ०.७१ ने गुणलं तर १८.४. माणूस तोच, वृषण तेच. एका कागदावर ‘लहान’, दुसऱ्यावर चांगलं ठणठणीत. रिपोर्टवर सूत्र सहसा छापलेलं नसतं, पण मापं असतात. म्हणून फाइल उघडली की आम्ही पहिल्यांदा कॅल्क्युलेटर घेतो. निम्मं रडगाणं तिथेच थांबतं.

दुसरी चूक हाताची. प्रोब जरा जास्त दाबला की जाडी कमी भरते. छेद तिरका गेला की लांबी कमी भरते. वरच्याच उदाहरणात तिन्ही मापांत दोन-दोन मिलिमीटर कमी धरा, म्हणजे ४.०, २.६ आणि २.०. ०.७१ ने १४.८ मिली. साडेतीन मिलीचा फरक नुसत्या दोन मिलिमीटरमुळे! त्यामुळे वाशीला मार्चमध्ये १८ आणि ठाण्याला जूनमध्ये १५ आले म्हणून ‘वृषण आकसलं’ असं कोणी सांगितलं, तर आधी दोन्ही कागदांवरची मापं शेजारी ठेवा. तुलना करायचीच तर एकाच ठिकाणी, एकाच सूत्राने.

हायड्रोसिल असेल, म्हणजे पाणी भरलेलं असेल, तर बाहेरून दिसणारा आकार पूर्ण फसवा. खोलीत अंधार करून टॉर्च लावली की पाण्याचा भाग लालसर उजळतो. अंडकोष लिंबाएवढा दिसतो आणि आतलं वृषण दहा मिलीचं निघतं, असंही होतं.

इतक्यात इन्क्युबेटरमधला नमुना पातळ झालेला असतो. भरलेल्या डबीचं वजन करायचं आणि रिकाम्या डबीचं वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरतात. सिरिंजमध्ये ओढून मोजलं तर बाजूंना चिकटलेला भाग मागे राहतो आणि आकारमान कमी येतं. मग पीएच. मग दहा मायक्रोलिटरचा थेंब काचेवर, वर २२ बाय २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप, आणि चारशेपट मोठं करून हालचाल: दोनशे शुक्राणू एकदा, नव्या थेंबात दोनशे पुन्हा. पुढे सरकणारे, जागच्या जागी वळवळणारे, निश्चल. दोन्ही मोजण्यांत फरक जास्त आला तर तिसऱ्यांदा. थंड काचेवर शुक्राणू मंदावतात, म्हणून काचाही ३७ अंशांवर ठेवलेल्या.

काउंटसाठी नमुना पातळ करतात: एक भाग वीर्य, एकोणीस भाग द्रावण. द्रावणात फॉर्मालिन असतं, शुक्राणू जागीच थांबतात. हे न्यूबाउअर चेंबरमध्ये, म्हणजे मोजणीसाठी घरं आखलेल्या काचेत, भरायचं आणि ओल्या डब्यात दहा मिनिटं ठेवायचं, म्हणजे सगळे तळाला बसतात. मधल्या पंचवीस घरांत २१० शुक्राणू मोजले, तर त्याला ०.२ ने गुणायचं. मिलीमागे ४२ दशलक्ष. आकारमान २.५ मिली असेल तर एकूण १०५ दशलक्ष. चेंबरची दुसरी बाजू वेगळी भरून वेगळी मोजायची. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा भरायचं. गडबडीच्या लॅबमध्ये हीच पायरी गाळली जाते. पातळ न करता, एका काचेवर नजरेने ‘अंदाजे ६० दशलक्ष’ लिहिलेले रिपोर्ट अजूनही येतात. शेवटाला शून्य असलेले गोल आकडे दिसले की आम्ही सावध होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: आकारमान १.४ मिली, मिलीमागे १६ दशलक्ष, एकूण ३९ दशलक्ष, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा ऐकून लोक हादरतात. शंभरात चार चांगले? हो, आणि तेवढ्यावर मुलं होतात. हे आकडे वर्षभरात मूल झालेल्या पुरुषांमधले सर्वांत खालचे पाच टक्के कुठे संपतात, ते दाखवतात. पास-नापासाची ती रेषा नाही.

आता दोन्ही कागद शेजारी.

वृषणाचा ७० ते ८० टक्के भाग शुक्राणू तयार करणाऱ्या बारीक नळ्यांचा असतो. म्हणून आकार लहान म्हणजे नळ्या कमी किंवा रोडावलेल्या, आणि नळ्या कमी म्हणजे उत्पादन कमी, हे गणित बहुतेक वेळा बसतं. आकाराचं खरं नातं आहे ते एकूण संख्येशी. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी नळ्यांच्या मधल्या फटींत थोड्याशा जागेत असतात, म्हणून वृषण बरंच लहान असूनही मर्दानी लक्षणं शाबूत असतात. लिंगाच्या लांबीशी तर याचा काहीच संबंध नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती या दोन गोष्टींची मुद्दाम खिचडी करतात.

हालचालीशी मात्र आकाराचं नातं सैल आहे. कारण सरळ आहे: शुक्राणू वृषणात तयार होतो तेव्हा त्याला पोहता येत नाही. ती ताकद त्याला एपिडिडिमिसमधल्या दहा-बारा दिवसांच्या प्रवासात मिळते, आणि आपण मण्याने मोजताना तीच गुंडाळी बाजूला सारलेली असते. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिली, काउंट ऐंशी दशलक्ष आणि पुढे जाणारे दहा टक्के, असा रिपोर्ट दर आठवड्याला निघतो. तिथे संसर्ग, ताप, तंबाखू, फार दिवसांचं अंतर किंवा उशिरा पोचलेला नमुना शोधायचा. उलट बारा-बारा मिलीचे, एकूण ४५ दशलक्षवाले आणि चांगल्या हालचालीचे पुरुष सहा महिन्यांत वडील झालेलेही असतात. ‘साइज लहान म्हणून क्वालिटी खराब’ हे वाक्य आम्ही रिपोर्टवर लिहीत नाही ते यामुळे.

नमुन्यात शुक्राणू एकही नसेल, तेव्हा आकार खरा उपयोगाला येतो. आधी खात्री करायची: ३००० जी वेगाने पंधरा मिनिटं फिरवून तळाचा गाळ पूर्ण तपासायचा, आणि दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा. गाळात दोन-चार जरी सापडले तरी उपचाराची दिशा बदलते. खरोखरच शून्य असेल तर प्रश्न एकच: कारखाना बंद आहे की रस्ता अडला आहे? वृषण ४.६ सेंटिमीटरपेक्षा लांब आणि एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला लावणारा मेंदूकडचा हार्मोन) ७.६ च्या आत असेल तर बहुधा रस्ता अडलेला. लांबी त्याहून कमी आणि एफएसएच त्याहून जास्त असेल तर उत्पादनातच खोट. इथे एक फसवणूक आहे: लॅबच्या छापील मर्यादेत एफएसएच बारापर्यंत नॉर्मल दाखवतात, म्हणून नऊ आलेला माणूस निर्धास्त होतो. मूल होत नसलेल्या, शून्य काउंटच्या पुरुषात नऊ हा निर्धास्त होण्याचा आकडा नाही. दुसरी फसवणूक उलट बाजूची: उत्पादन अर्ध्यावर अडकलेलं असेल तर वृषणही भरलेलं आणि एफएसएचही ठीक, तरी शुक्राणू शून्य. हे बायोप्सीशिवाय कळत नाही.

वीर्याचं आकारमान एक मिलीच्या खाली, पीएच आम्लाकडे झुकलेला आणि फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) नाही, असं तिन्ही एकत्र आलं तर पुन्हा शुक्रवाहिनीकडे बोट न्यायचं. वृषण छान, वाहिनीच नाही.

डावं वृषण उजव्यापेक्षा खाली लोंबतं, जरासं लहानही असतं, त्यात काही नाही. डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून रक्त तुंबून व्हेरिकोसिल बहुतेक डावीकडेच होतो. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांत तो असतोच. म्हणून डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) शिरा दिसल्या की लगेच ऑपरेशन, हे आम्हाला पटत नाही. उभं राहिल्यावर हाताला लागणारा, काउंट खाली आणि डावं वृषण स्पष्ट लहान, असं असेल तर ऑपरेशनचं बोलायचं. नुसता सोनोग्राफीवर सापडलेला बारीकसा व्हेरिकोसिल सोडून द्यायचा.

अलीकडे कोपरखैरणे, घणसोलीकडून एक ठरावीक चेहरा येतो: सत्तावीस-अठ्ठावीस वय, दंड फुगलेले, आणि वृषण आठ-आठ मिली, मऊ. जिममध्ये घेतलेलं टेस्टोस्टेरॉन. बाहेरून हार्मोन मिळाला की मेंदू एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारा हार्मोन) आणि एफएसएच बंद करतो, नळ्या रिकाम्या पडतात, काउंट शून्यावर येतो. इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं उत्पादन परत येतं, पण सहा महिने, वर्ष, कधी जास्त लागतं. ‘काउंट वाढावा’ म्हणूनच टेस्टोस्टेरॉन लिहून दिलेल्या चिठ्ठ्याही पाहिल्या आहेत. त्या वाचून डोक्याला हात लावावा लागतो. हे आम्ही थेट विचारतो, बायकोला बाहेर बसवून. तिच्यासमोर उत्तर नेहमी ‘प्रोटीन पावडर’.

अगदी लहान वृषण म्हणजे दार बंद, असंही नाही. क्लाइनफेल्टरमध्येसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून नळ्या शोधल्या तर जवळपास निम्म्या पुरुषांत शुक्राणू सापडतात. त्याआधी गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राच्या तुटींची तपासणी हवी, कारण त्यावरचा ए किंवा बी भाग पूर्ण गळालेला असेल तर शस्त्रक्रियेतून काही हाती लागत नाही आणि ती टाळायची असते.

दुसरी तपासणी कधी? शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस, वर एपिडिडिमिसचे दहा-बारा. म्हणून औषध, ऑपरेशन किंवा तंबाखू सोडण्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसतो. पंधरा दिवसांनी येऊन आकडा तोच म्हणून हिरमुसणारे पुष्कळ. महिन्यापूर्वी डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर आजच्या कमी काउंटवर आम्ही शिक्काच मारत नाही, ‘तापानंतर, पुन्हा तपासा’ असं लिहितो. महापेच्या कारखान्यात भट्टीपाशी आठ तास उभा राहणारा माणूस असेल तर ड्युटी बदलून घेता येते का, हेही विचारतो. वृषणाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं.

निघताना फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही हाताने चार गोष्टी लिहून देतो: तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये, कोणत्या स्थिरांकाने गुणलं, किती दिवसांच्या अंतराचा नमुना, आणि पुढची तारीख. पुढच्या वेळी ठाण्यात दाखवा की बेलापूरला, त्या पानाची झेरॉक्स सोनोग्राफीवाल्याच्या हातात आधी द्या, प्रोब लावायच्या आधी.